९०७, ९५८ आणि आकाशात नसलेलं ९५७

परवा रविवारी जेवून सुस्तावल्यावर विमान अपघातांबद्दल वाचत बसलो होतो. (हो, हा माझा छंद आहे. बायकोच्या मते विकृती. असो.) न झालेल्या एका अपघातापाशी अडकलो, तो अजून डोक्यातून जात नाहीये.

३१ जानेवारी २००१. जपान एअरलाइन्सची दोन विमानं. ९०७ म्हणजे हानेदाहून ओकिनावाला निघालेलं जंबो, वर चढतंय. ९५८ बुसानहून नारिताकडे येतंय, ३७,००० फुटांवर. दोघं जवळ येतायत असा इशारा कंट्रोलरच्या पडद्यावर झळकला. खुर्चीत होता एक शिकाऊ कंट्रोलर. त्याला ९५८ ला खाली यायला सांगायचं होतं, तोंडातून निघालं ९०७! ९०७ च्या पायलटने हुकूम स्वतःच्या नंबरासकट परत म्हणून दाखवला, पण शिकाऊला काही खटकलंच नाही. शेजारी बसलेल्या त्याच्या सुपरवायझरलाही नाही.

आता खरी गंमत (गंमत कसली म्हणा). मोठ्या विमानांत टीकॅस नावाची यंत्रणा असते. दोन विमानांचे टीकॅस आपसात बोलून ठरवतात, तू वर, मी खाली. आपल्या भाषेत हँडशेक. त्या दिवशीही तो चोख झाला. टीकॅसने ९०७ ला वर जायला सांगितलं, ९५८ ला खाली. पण ९०७ चा पायलट कंट्रोलरचं ऐकून आधीच खाली निघाला होता, तो तसाच खाली येत राहिला. ९५८ टीकॅसचं ऐकून खाली. मग घाईत सुपरवायझरने माईक घेतला आणि वर जायला सांगितलं कुणाला, तर ९५७ ला! त्या आकाशात ९५७ नावाचं विमानच नव्हतं.

शेवटी पायलटने समोर विमान बघून नाक खाली दाबलं. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसं, मधलं अंतर शंभर-दीडशे मीटर. जंबोमध्ये खाणंपिणं वाटायची गाडी उडून छतात घुसली, शंभरेक लोक जखमी झाले. मेलं कुणी नाही.

कुठल्याही प्रोग्रामरला यातला बग दिसेल. एकाच विमानाला दोन मालक हुकूम देतायत आणि एकाला दुसऱ्याचं काही कळत नाही. पायलटने सांगेपर्यंत टीकॅस काय म्हणालं याचा कंट्रोलरला पत्ता नसतो. पण दोघांत भांडण झालं तर कोणाचं ऐकायचं, हे तेव्हा जगभर निःसंदिग्ध ठरलेलंच नव्हतं. आणि ते ठरायच्या आधीच, १७ महिन्यांनी, १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर हुबेहूब तेच घडलं. एका रशियन विमानाला टीकॅस वर जा म्हणतंय, झुरिकचा एकटा कंट्रोलर खाली ये म्हणतोय, पायलटने कंट्रोलरचं ऐकलं. समोरून डीएचएलचं मालवाहू विमान टीकॅसचं ऐकून खाली येत होतं. ७१ माणसं गेली, त्यात ५२ मुलं. टीकॅसचं ऐकायचं, कंट्रोलर काहीही म्हणो, हा नियम २००३ मध्ये पक्का झाला.

आपल्याकडचं चरखी दादरी (१२ नोव्हेंबर १९९६, ३४९ बळी) थोडं वेगळं. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, सौदी विमानाला १४,००० वर. कझाक विमान आणखी खाली आलं. दिल्लीशी इंग्रजीत बोलत होता तो त्यांचा रेडिओवाला, विमान चालवणारे दुसरेच, आणि रेडिओवाल्यापुढे उंची दाखवणारं स्वतःचं यंत्रही नव्हतं. ज्याने "ओके" म्हटलं त्याच्या हातात दांडकं नाही! आपल्या कॉन्फरन्स कॉल्समध्ये वेगळं काय होतं?

आता माझ्या मुद्द्याचं. जपानमध्ये त्या दोन्ही कंट्रोलरांवर फौजदारी खटला चालला. खालच्या कोर्टात सुटले, वरच्या कोर्टाने दोषी ठरवलं आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. शिक्षा स्थगित होती, पण गुन्हेगार ठरले ते ठरलेच. मला हे साफ चूक वाटतं. "६७७ जीव टांगणीला लागले, मोकळं सोडायचं का?" हा प्रश्न रास्त आहे, मान्य. दारू पिऊन खुर्चीत बसला असता तर मीच म्हटलं असतं, आत टाका. पण ९०७ आणि ९५८ ची जीभ घसरणं हा गुन्हा असेल, तर उद्या "आज थोडक्यात वाचलो" हे आपणहून कोण सांगणार?

एका जुन्या कंपनीत रात्रीच्या रिलीजला कॉलवर मला "एटी" बंद करायला सांगितलं, मी "एटीन" ऐकलं, "ओके" म्हटलं आणि चालू सर्व्हर बंद केला. चाळीस मिनिटं सगळं ठप्प. सकाळी माझ्या नावानिशी मेल अख्ख्या डिपार्टमेंटला. दोन महिन्यांनी शेजारच्या पोराने तसलाच घोळ केला, गुपचूप सर्व्हर परत चालू केला आणि कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्याच्या निरोपाच्या पार्टीत, त्याच्या तिसऱ्या बिअरनंतर. दोन्ही सर्व्हरची नावं तोवर तीच होती.

मी हल्ली फोनवर आकडे सुटे म्हणतो. एक, आठ. टीममधली पोरं हसतात, हसू देत.