वायर नसलेले ड्रिल: घ्यावे की नाही?

रमझान ईद जवळ आली की घरोघर पडद्यांचे रॉड बदलतात, भिंतीवर नवे शेल्फ चढते आणि ड्रिलवाल्याची शोधाशोध सुरू होते. दोन छिद्रांसाठी कोणी यायला तयार नसते. मग मोबाइलवर स्वस्त कॉर्डलेस हॅमर ड्रिलची जाहिरात दिसते आणि मन खरेदीकडे वळते. या महिन्यात त्याचाच हिशेब करू.

निमित्त आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे. वडील नाहीत. आयटीआय झाल्यावर तो देवळाली कॅम्प आणि नाशिकरोड भागात पडदे, टीव्हीचे स्टँड, कपाटे बसवण्याची कामे घेऊ पाहतो आहे. अम्मीची भिशी लागली, त्यातून अवजार घ्यायचे. "सर, ४८ व्होल्टचे स्वस्तात मिळतेय," तो सांगत आला. भिशी वर्षातून एकदाच हाती येते. तो पैसा नको त्या अवजारात गेला तर धंदा सुरू होण्याआधीच अडतो. म्हणून आम्ही त्याच्यासोबत तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, व्होल्ट. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट असतो, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्जला २१. म्हणजे डब्यावर १८, २० किंवा २१ लिहिलेले असो, आत बहुधा तेच पाच सेल असतात. ४८ किंवा ८८ असा आकडा मोठ्या अक्षरात दिसला तर डबा बाजूला ठेवून बॅटरीवरची बारीक अक्षरे वाचावीत.

दुसरी, बॅटरी किती वेळ पुरेल. १८ व्होल्टला १.५ अँपिअर-तासाने गुणले की २७ वॅट-तास येतात. छिद्र पाडताना ड्रिलने ३०० वॅट ओढले, तर ही बॅटरी सलग पाच मिनिटांच्या आसपास चालेल. विटेच्या भिंतीत एका छिद्राला १२ सेकंद धरले तर कागदावर पंचवीसेक छिद्रे. प्रत्यक्षात त्याहून कमी. घरासाठी हे पुष्कळ झाले. रोजच्या धंद्याला दोन बॅटऱ्या हव्यातच. म्हणून सुट्या बॅटरीची किंमत आधी विचारावी, आणि ती मिळतच नसेल तर ते ड्रिल घेऊच नये.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, भिंत. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बारीक ठोके देतात; ठोक्यांची संख्या हजारोंनी, पण प्रत्येकाचा जोर थोडा. विटेला तो पुरतो. स्लॅब, बीम आणि कॉलमच्या काँक्रीटमध्ये हलके ड्रिल अडते, बिट तापते. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांच्या काळ्या दगडासमोर तर त्याचे काही चालत नाही. तिथे रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन हवा दाबून ठोका देतो आणि एसडीएस बिट बसते. याउलट नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला ठोका नकोच. नुसते फिरवले तरी छिद्र पडते.

मग घ्यावे कोणी? वर्षाकाठी दहा-वीस छिद्रे, फर्निचरचे स्क्रू, विटेच्या भिंती, एवढेच काम असेल तर १२ किंवा १८ व्होल्टचे साधे कॉर्डलेस पैसे वसूल करते. स्क्रू पिळायला तर ते वायरवाल्यापेक्षा सोयीचे. जिथे अजून मीटर बसलेले नाही, तिथेही तेच कामी येते. पण रोज भिंती फोडायच्या असतील तर त्याच पैशांत वायरवाले ५०० ते ६०० वॅटचे इम्पॅक्ट ड्रिल जास्त काम देते, आणि त्याला बॅटरी म्हातारी होण्याची भीती नाही.

आमच्या विद्यार्थ्याने वायरवाले ड्रिल, लांब एक्स्टेन्शन बोर्ड आणि कार्बाइड टोकाची चांगली बिटे घेतली. दगडी घराचे काम आले की रोटरी हॅमर भाड्याने आणायचे ठरले. उरलेली रक्कम अम्मीकडे परत गेली. कॉर्डलेसचा विचार पुढच्या भिशीला.

घेणाऱ्यांनी एवढे पाहावे: बॅटरीवर भारतीय मानक आयएस १६०४६ ची खूण, पक्के बिल, वॉरंटी आणि दुरुस्तीचे दुकान नाशकात आहे का. टाइलवर छिद्र पाडताना ठोका बंद ठेवावा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नये, आत वायर असू शकते. डोळ्यांना चष्मा, नाकाला रुमाल. आणि काम संपल्यावर तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. थंड होऊ द्यावी, जास्त वर्षे टिकते.