‘ओळखता आलं नाही’ या उत्तरालाही गुण द्या



जुन्या विज्ञान प्रदर्शनांचं उरलेलं सामान तुमच्याही शाळेच्या कपाटात असेलच. वायरींचे तुकडे, बंद पडलेली मोटार, फुटका रिमोट आणि एखाद्या डबीत कुणीतरी जपून ठेवलेले बारीक बारीक इलेक्ट्रॉनिक भाग. कपाट आवरताना दरवर्षी आपण ती डबी उघडतो आणि तशीच बंद करतो, कारण आत काय आहे ते आपल्यालाच माहीत नसतं. माझं म्हणणं असं, की ही डबी सहावी-सातवीच्या मुलांसमोर ओता. नवीन किट आणण्याच्या आधी ओता. किटमध्ये प्रत्येक कप्प्यावर नाव छापलेलं असतं. मुलं कप्पा वाचतात, वस्तू वाचत नाहीत.

मी ओतली तेव्हा माझीच फजिती झाली. त्यात तीन पायांचा, एका बाजूने सपाट आणि दुसरीकडून गोल असा काळा तुकडा होता. मी लांबूनच म्हणालो, “हा ट्रान्झिस्टर. बीसी ५४७.” फळ्यावर लिहिलंसुद्धा, आणि मुलांनी इमानदारीत वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी भिंग घेऊन आली. “सर, यावर बीसी नाहीये. एलएम ३५ आहे.”

तिचं बरोबर होतं. एलएम ३५ हा तापमान मोजणारा भाग. ट्रान्झिस्टरशी त्याचं काम जुळत नाही, पण बाहेरून दोघं जुळे भाऊ. याच अंगरख्यात ७८एल०५ सुद्धा येतो, तो ५ व्होल्टचा स्थिर दाब देतो. मी चेहरा बघून नाव ठोकलं, तिने वाचून सांगितलं.

मग आम्ही छापील नावाचीही परीक्षा घेतली. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावा पाय धन, उजवा ऋण. तीन पेन्सिल सेल जोडले, म्हणजे साडेचार व्होल्ट. मधला पाय आणि उजवा पाय यांच्यात मल्टिमीटर लावला. हा भाग दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. मीटरवर ०.२९ आलं, म्हणजे २९ अंश. एकाने चिमटीत धरला तर आकडा हळूहळू वर सरकला. त्या दिवशी वर्गात जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

आता आकड्यांकडे या, कारण इथे आपला गणिताचा तास फुकटात होतो. पिवळसर, चपट्या थेंबासारख्या कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं असतं. मुलं वाचतात ‘एकशे चार’. चुकलं म्हणू नका, फळ्यावर स्थानिक किमतीचा तक्ता काढा. यातला तिसरा अंक एककाचा नाहीच. पुढे किती शून्यं द्यायची ते तो सांगतो. १०, पुढे चार शून्यं, म्हणजे १,००,००० पिकोफॅरड. तेच ०.१ मायक्रोफॅरड. हीच पद्धत सर्किट बोर्डावर चिकटवलेल्या चिमुकल्या चौकोनी रोधकांवर चालते. तिथे १०३ म्हणजे १०,००० ओहम. आकडा लिहायची रीत एक, पण एकक वस्तूप्रमाणे बदलतं. नुसतं ‘उत्तर १०,०००’ लिहिणाऱ्या मुलाला एककाचं महत्त्व समजावून समजावून आपला घसा बसतो. इथे ते आपोआप पटतं.

रंगीत पट्ट्यांच्या रोधकासाठी इंग्रजी वाक्यं पाठ करून घेणं मला पटत नाही. आपल्याकडे ‘तानापिहिनिपाजा’ आहे की! त्यातला पारवा काढा. पुढे काळा ० आणि तपकिरी १ लावा, मग तांबडा २ पासून जांभळा ७ पर्यंत ओळीने येतात, शेवटी राखाडी ८ आणि पांढरा ९. तपकिरी, काळा, तांबडा म्हणजे १, ० आणि दोन शून्यं, १००० ओहम. सोनेरी पट्टी असली तर किंमत ५ टक्के इकडेतिकडे चालते. तेवढं भिंतीवर लावा, पाठांतराचा आग्रह नको.

खुणा फसवतातही, आणि ते मुद्दाम दाखवायला हवं. उभ्या डब्यासारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर जाड पट्टा असतो तो ऋण पायाकडे. टँटॅलमच्या कपॅसिटरवर पट्टा धन बाजू दाखवतो. जपानी ट्रान्झिस्टरवर नुसतं सी १८१५ लिहिलेलं असतं, पूर्ण नाव २एससी१८१५. आयसीवर नावाखाली चार आकडे दिसले तर ती बऱ्याचदा तारीख असते: ९२०८ म्हणजे १९९२ सालचा आठवा आठवडा. मुलांना ही तारीख भारी आवडते, आपल्या जन्माआधीची वस्तू शोधायची चढाओढ लागते.

पण माझा खरा मुद्दा मूल्यमापनाचा आहे. पहिल्या दिवशी मी जो तक्ता दिला त्यात एकच रकाना होता, ‘नाव’. रिकामा ठेवला की गुण गेले. मग मुलांनी काय केलं? सगळे रकाने भरले! ओळखू न आलेल्या प्रत्येक वस्तूला ‘ट्रान्झिस्टर’. कारण सरांनीही तेच केलं होतं. आता माझ्या तक्त्यात चार रकाने आहेत: काय दिसतं, काय लिहिलंय, काय असेल, कशावरून. पहिले दोन नीट भरले आणि पुढे ‘ओळखता आलं नाही’ लिहिलं, तर आकारिक मूल्यमापनात पूर्ण गुण. उलट नाव बरोबर आलं पण ‘कशावरून’ कोरं, तर निम्मे.

एक सहकारी म्हणाले, अशाने मुलं आळशी होतील, सगळेच ‘आलं नाही’ लिहितील. माझा अनुभव तसा नाही. घासून पुसट झालेली अक्षरं खडूची पूड चोळून, उजेड तिरपा धरून वाचायला जेवढी मेहनत लागते तेवढी अंदाज ठोकायला लागत नाही. दुसरं कुणी विचारेल, फोनवर फोटो काढला की झालं ना? फोटोवरून मिळणारं उत्तर पुष्कळदा आकारावरून येतं, म्हणजे माझ्यासारखंच. फोन जरूर वापरा, पण मुलांनी वाचलेली अक्षरं शोधून कंपनीचं माहितीपत्रक उघडायला. आणि बाजारात खोटी छपाई केलेले भागही मिळतात, म्हणून शेवटी मीटर लावायचाच.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. घरच्या विजेवर चालणारं काही मुलांना उघडू देऊ नका. चार्जर, टीव्ही, एलईडी दिवा, काही नको. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जोराचा झटका देऊ शकतो. सीएफएल तर मुळीच नको, त्यात पारा असतो. सेलवर चालणारी खेळणी, रिमोट, रेडिओ पुरेसे आहेत, तेही सेल काढूनच. जुन्या डाखात शिसं असतं, तास संपला की साबणाने हात धुवायचे.

आमच्या वर्गात आता कंपासपेटीच्या जुन्या डब्यावर ‘ओळखायचे बाकी’ अशी चिठ्ठी आहे. सध्या त्यात अकरा वस्तू आहेत. त्यातल्या एकीवर फक्त ‘ए ७’ दिसतं; माहितीपत्रकांत ही खूण सापडली, पण त्या खुणेचे भाग एकाहून जास्त निघाले. सोमवारी मीटर लावून बघणार आहोत.