ज्या महिन्याचं गाणं त्या महिन्यात

या आठवड्यात रक्ततपासणीसाठी एका लॅबमध्ये गेले होते. उपाशीपोटी जायचं म्हणून सकाळी लवकर पोचले, तरी बाहेर ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं होतं. आत गारेगार, खुर्च्यांवर पेंगुळलेली माणसं, आणि छताच्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर बासरीतून मियां मल्हार. मागे पावसाची संततधार मिसळलेली, मधूनच दूरवर ढगांचा गडगडाट. वाजवणारा कसलेला होता. दोन्ही निषाद सावकाश उलगडत तो षड्जावर येऊ लागला, मी नकळत श्वास रोखला, आणि तेवढ्यात टोकन नंबर पुकारला गेला. पुकारणं संपेपर्यंत षड्ज येऊन गेलेला होता. पुन्हा आलाप, पुन्हा नंबर. अर्धा तास हेच चाललं.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हे जरा वेळ बंद ठेवता येईल का?" ती फार सौजन्याने म्हणाली, "मॅडम, रिलॅक्स वाटावं म्हणून लावतो. वर्षभर हेच असतं."

तिच्यावर मी अजिबात रागावले नाही. पण तिचं शेवटचं वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलेलं नाही. वर्षभर हेच! वैशाखातही मल्हार, पौषातही मल्हार. ऐकणाऱ्याने ऐकू नये, एवढ्याचसाठी लावलेला मल्हार.

अशा पार्श्वसंगीताची कुळकथा थोडक्यात सांगते. फ्रेंच संगीतकार एरिक सातीने 1917 मध्ये 'फर्निचर संगीत' अशी कल्पना मांडली. खोलीत खुर्ची-टेबल असतं तसं संगीत असावं, कोणी मुद्दाम लक्ष देऊ नये. 1920 साली पॅरिसमध्ये ते वाजवलं गेलं तेव्हा लोक गप्प बसून ऐकू लागले, आणि साती त्यांना बोलत राहा, फिरत राहा म्हणून विनवत हिंडला. पुढे 1978 मध्ये ब्रायन ईनोने विमानतळांसाठी एक अल्बम केला आणि 'अँबियंट' हे नाव रूढ झालं. त्याची अट अशी की दुर्लक्ष केलं तरी चालावं आणि लक्ष दिलं तर त्यात काही सापडावं. त्या संगीताशी माझं भांडण नाही. ते त्याच कामासाठी रचलेलं आहे आणि मी ते आवडीने ऐकते. मल्हार त्या कामासाठी रचलेला नाही.

आपल्याकडे रागांना प्रहर नेमून दिलेले आहेत. भैरव पहाटेचा, मारवा सूर्यास्ताचा. पण मल्हाराचे प्रकार पावसाळ्यात कोणत्याही प्रहराला गावेत, बसंत-बहार वसंतात कधीही गावेत, अशी मुभा परंपरेनेच दिली आहे. ऋतूसाठी घड्याळ बाजूला ठेवलं जातं. एवढा मान आपण ऋतूला देत आलो. बनारसच्या बाजूला चैती चैत्रात आणि कजरी श्रावणात, हाही त्याच जातीचा मान. कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात 1948 साली देवासला गेले, काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानांवर येत राहिली. पुढे त्यांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे पुरे कार्यक्रम एकेका ऋतूवर बांधले, आणि त्यांत रागांच्या शेजारी तिथल्या बायाबापड्यांची गाणी बसवली. शेतातली आणि अंगणातली माणसं कोणत्या महिन्यात काय गातात, हे त्यांनी कान देऊन ऐकलं होतं.

लॅबमधून निघताना माझ्या मनात मात्र कुमारजी नव्हते. आमच्या गावचे मृदंगबुवा होते. मी दर कार्तिकात गावी जाते हे या सदराच्या वाचकांना आता पाठ झालं असेल. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत विठ्ठलाच्या देवळात पहाटे काकडा असतो. मागच्या खेपेला मी पोचले तेव्हा अजून अंधार होता, देवळात चारपाच माणसं होती, आणि बुवा एकटेच पखवाज मांडीवर घेऊन कणीक लावत बसले होते.

पखवाजाची उजवी पुडी शाईची. शाई तिच्यावर कायमची असते आणि तिथून सूर येतो. डाव्या पुडीला, म्हणजे धुम्याला, दर वेळी ताजी ओली कणीक थापायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. तो घुमणारा, पोटातून आल्यासारखा नाद त्या कणकेचा असतो. कमी लावली तर धुमा कोरडा बोलतो, जास्त झाली तर बसतो. बुवा कणीक लावत होते, थाप मारून कान देत होते, चिमूटभर काढत होते, पुन्हा थाप मारत होते. मग हातोडी घेऊन उजव्या पुडीचा गजरा ठोकायला लागले. मी म्हटलं, "बुवा, काल रात्री तर मिळवून ठेवला होता ना?"

"ठेवला होता ताई," ते म्हणाले. "पण पहाटेचं दव त्याला कुठं ठाऊक होतं? कातडं आहे. गारव्यात ढिलं पडतं, ऊन चढलं की ताणून येतं. आता मिळवला तरी उजाडल्यावर परत बघावं लागेल."

गेले कित्येक दिवस मी याच विचारात आहे. ऋतूचं संगीत म्हटलं की आपण शब्दांतले ढग आणि कोकिळा मोजत बसतो. ऋतू तर वाद्याच्या अंगात शिरलेला असतो. दमट हवेत कातडं ओलावा धरतं, सैल होतं, सूर उतरतो. कोरड्या हवेत ते आवळतं, सूर चढतो, आणि धुम्यावरची कणीक वाळून तडकू नये म्हणून तिला पाण्याचं बोट लावत राहावं लागतं. हलगीवाले वाजवण्याआधी जाळ करून हलगी शेकतात ते थंडी लागते म्हणून नव्हे, शेकल्याशिवाय ती कडाडत नाही म्हणून. मिरजेत तंबोरे घडतात, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. भीमेकाठच्या शेतात वाढलेले, उन्हात वाळून खडखडीत झालेले. म्हणजे खयाल गाणाऱ्याच्या पाठीशी जो षड्ज उभा असतो, त्यात सोलापूरकडचं ऊन आहे. मला हे फार मोठं वाटतं.

जपानच्या राजदरबारी गागाकू संगीतात शो नावाचं वाद्य आहे. बांबूच्या सतरा नळ्या एकत्र बांधलेल्या, आत धातूच्या पातळ पत्त्या, आणि वाजवायचं फुंकून. श्वासातला ओलावा पत्त्यांवर जमला की सूर बिघडतो. म्हणून वादक वाजवण्याआधी आणि मधल्या विश्रांतीत ते निखाऱ्यांच्या शेगडीवर धरून हळूहळू फिरवत शेकतो. आता विजेची शेगडी आली, शेकणं तेच राहिलं. त्याच परंपरेत ऋतूंना स्वरसप्तकं वाटून दिली आहेत. वसंताला सोजो, ग्रीष्माला ओशिकिचो, शरदाला ह्योजो, हिवाळ्याला बान्शिकिचो. कोणता ऋतू कोणत्या सुरात गायचा हे शास्त्राने ठरवलं, आणि त्या दिवशीची हवा कशी आहे हे वादकाने हातांनी ओळखायचं. आमच्या बुवांना जपान नकाशावर दाखवता येणार नाही कदाचित, पण त्या शेगडीपाशी बसलेल्या माणसाचं काम त्यांना एका नजरेत कळेल.

कोणी म्हणेल, आता ऋतूच कुठे जागेवर राहिलेत? यंदा कोजागरीच्या चंद्राची वाट ढगांखाली बसून पाहिली, कापणीला आलेला सोयाबीन भिजला, कार्तिक आला तरी आभाळ भरून येतं. ते खरंच आहे, आणि शेतकऱ्याच्या घरी ते गाण्याबिण्याच्या फार पलीकडचं दुःख आहे. पण काकड्याची रचना पाहा. दिवस तिथीने ठरतो, तो हलत नाही. सूर मात्र रोज पहाटेच्या हवेवर ठरतो. पाऊस असेल तर बुवा जास्त ठोकतील, कोरडं असेल तर कणीक जास्त भिजवतील. पंचांग आणि हवा यांची गाठ घालायला मध्ये एक जाणता हात बसवलेला आहे. तो हात असेपर्यंत हवामान कितीही बेभरवशाचं झालं तरी काकडा चुकणार नाही. लॅबमधल्या त्या मल्हारात नेमका हाच हात नव्हता. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्याला कोणी विचारलेलंच नव्हतं.

आणि काकडा महिनाभरच असतो, यातच त्याची निम्मी ताकद आहे. खरिपाची कापणी-मळणी उरकत आलेली, रब्बीची ज्वारी पेरलेली, उसाच्या तोडीला माणसं निघायच्या बेतात. त्या सांध्यावर हा महिना येतो. भूपाळ्या होतात, मग वासुदेव, आंधळे-पांगुळ, जोगी, गौळणी, सगळं ठरल्या क्रमाने. त्रिपुरीला समाप्ती, दिंडी, महाप्रसाद, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देऊळ मुकं. मग अकरा महिने त्या चाली तशा कानांवर येत नाहीत. म्हणूनच पुढच्या कोजागरीनंतर पहिला टाळ वाजला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे भरतात. गेल्या काकड्याला शेजारी बसलेलं कोण आज नाही, ते त्या क्षणी मोजलं जातं.

गाणं राखून ठेवायची ही समज सगळीकडे दिसते. लायप्झिगमध्ये बाखच्या काळात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्चमधले वाद्यवृंदासहचे कँटाटा जवळजवळ बंद असत. तेवढे आठवडे कान रिकामे ठेवून लोक गुड फ्रायडेला चर्चमध्ये येत, आणि मग पॅशन ऐकत. गोव्यात याच उपवासकाळात मोतेत गातात. लॅटिन शब्दांचे, व्हायोलिन-क्लॅरिनेटच्या साथीचे, ख्रिस्ताच्या यातनांचे ते सूर त्या दिवसांसाठीच ठेवलेले. त्याच गोव्यात पौषाच्या रात्री मांडावर बायका धालो खेळतात, आणि मग ती गाणी वर्षभर मिटून ठेवतात. धर्म वेगळा, भाषा वेगळी, शिस्त एकच.

हे लिहिताना मला आपल्याच लोकांनाही काही सांगायचं आहे, कारण लॅबला बोल लावून मोकळं होणं बरोबर नाही. पुष्कळ देवळांत काकडा आता कर्ण्यावर असतो. मंडपात दहा माणसं आणि कर्णा मैलभर. काही ठिकाणी तर माणसंही नाहीत, पेन ड्राइव्ह लावून पुजारी आपल्या कामाला लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावायला कायद्याने बंदी आहे, आणि काकडा नेमका त्या वेळेत बसतो. त्यावरून नव्या वसाहतींत तक्रारी होतात, तक्रार करणाऱ्यांना लोक धर्मबुडवे म्हणतात, आणि भांडण पेटतं. माझं मत स्पष्ट आहे. कर्णा उतरवा. कायदा सांगतो म्हणून उतरवाच, पण काकड्यासाठीही उतरवा. टाळ, पखवाज आणि वीसपंचवीस मोकळे गळे एवढ्यावर हे भजन शतकानुशतकं चाललं. आवाज देवळापुरता राहिला तर ज्याला तो हवा आहे त्याला उठून यावं लागतं. कर्ण्याने काकडा अंथरुणात पोचवला आणि देवळातली गर्दी घटवली. घरबसल्या ऐकणारा कधीच टाळ हातात घेत नाही, आणि टाळ न घेतलेल्यांच्या गावात पुढचा बुवा तयार होत नाही.

लॅबचा स्पीकर आणि देवळाचा कर्णा यांची चूक मला एकच वाटते. ज्या गाण्याला माणसाने वेळ पाळून, चालत यायला हवं, ते गाणं दोघेही न येणाऱ्याच्या कानांवर ओततात. ऋतूचं संगीत निगुतीने टिकवायचं असेल तर त्याची वेळ टिकवावी लागेल, आणि वेळ टिकवायची तर आपण तिथे हजर असायला लागेल. ध्वनिमुद्रणं जपावीत, अभ्यासावीत, चुकलेली चाल त्यांवरून सुधारून घ्यावी. हजेरीचं काम त्यांच्याकडून होणार नाही.

काकडा सुरू आहे. तुमच्या गावात, पेठेत, नाहीतर जुन्या वस्तीतल्या देवळात तो असेलच, चौकशी करा. पोरांना शाळेच्या आधी तासभर घेऊन जा. बुवा कणीक लावत असतील तेव्हा पोचलात तर उत्तम, पोरांना ती थापताना पाहू द्या, बुवांनी होकार दिला तर हाताने लावूही द्या. चाली अवघड नाहीत, पुढचा म्हणेल ते मागच्यांनी म्हणायचं असतं. आणि तुमच्या देवळाच्या विश्वस्तांमध्ये ओळख असेल तर या आठवड्यात कर्ण्याचा विषय काढा. मी आमच्या गावी काढणार आहे. विरोध होईल हे मला माहीत आहे, पण बुवा माझ्या बाजूने आहेत.