पान शेतकऱ्याचे, पेटी कुणाची?



श्रीमंतांच्या ओठातल्या चिरुटाशी कापूस-ज्वारीवाल्यांचा काय संबंध, असे कुणी विचारील. आम्ही तंबाखूची तरफदारी करीत नाही. चिरुटाचा धूर छातीत न ओढता तोंडातच घोळवला, तरी तोंडाचा कर्करोग टळत नाही. पण एका पानाचे मोल कसे वाढते आणि ते कुणाच्या खिशात जाते, हे आपण पाहिले पाहिजे.

क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो हा तांबड्या मातीचा पट्टा आहे. हवाना चिरुटाचे नामांकित पान इथले. वरच्या आवरणाचे पान सर्वांत नाजूक. त्यासाठी उभ्या पिकावर पातळ कापडाचा मांडव घालतात. (कापूसवाल्यांनी ध्यानात घ्यावे, हे कापड मूळचे सुती!) सावलीत पान मोठे, पातळ, लवचीक होते. शेंडा खुडायचा, फुटवे काढायचे, आणि तोडणी खालून वर, एका वेळी दोन-तीन पाने, मधे काही दिवस सोडून. एकेका झाडाला किती वेळा हात लागतो, याचा मजुरीच्या दराने हिशेब करून पाहा. मग पाने दोऱ्यात ओवून, काठ्यांवर टांगून, कोठारात कित्येक आठवडे वाळवण. पुढे पाने ओलसर करून गंजी रचतात. ती शेणखताच्या ढिगासारखी आतून तापते. फार तापली की मोडून पुन्हा रचायची. अमोनिया उडतो, उग्रपणा उतरतो.

खालचे पान चांगले जळते, मधले वासाला, शेंड्याकडचे जहाल आणि सावकाश जळणारे, म्हणून ते गाभ्यात. कारागीर हे सारे हाताने वळतो. हत्यार एक चपटे पाते. जाणकार मग काय पाहतो? वळण कुठे कठीण, कुठे पोकळ तर नाही ना, एका अंगाने तर जळत नाही ना. हुरड्याचे कणीस हातात घेऊन तुम्ही करता तीच ही पारख.

भाव मात्र शेतात ठरत नाही. पिकाचा सुमारे ९० टक्के भाग सरकारला, सरकारच्याच भावाने घालावा लागतो. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकारात ज्यांनी केंद्राबाहेर गाड्या उभ्या केल्या, त्यांना अधिक सांगायला नको. आलेहांद्रो रोबाइना या शेतकऱ्याचे पान इतके नावाजले की १९९७ साली सरकारी कंपनीने त्याच्या नावाचा चिरुट बाजारात आणला. तो २०१० साली वारला. २०२२ साली हवाना चिरुटांच्या कंपनीने कोहिबाचे भाव जगभर एकदम चढवले, तो निर्णयही कंपनीच्या कचेरीत झाला.

आपल्या मालाची प्रत आपल्याला सांगता येत नाही, तोवर व्यापारी सांगेल ती प्रत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने घरच्या वेचणीचा मूठभर कापूस आणावा. पहिल्या वेचणीचा वेगळा, फरदडीचा वेगळा. धाग्याची लांबी हाताने कशी मोजायची ते तिथे शिकू.