मालाला नंबर, माणसाला काय?



रेल्वेतल्या सुरक्षेची गोष्ट निघाली की साहेब लोक कॅमेरे मोजतात, पोलीस मोजतात. आम्ही विचारतो, प्रवासी कोण मोजतो? आरक्षणाच्या डब्याची यादी असते. जनरलच्या तिकिटावर नावच नसतं. तो डबा उलटला की मढी आधी निघतात, नावं मागून शोधावी लागतात. मी गोदीत काम करतो. तिथं पेटीला नंबर, गोणीची नोंद. एक गोणी कमी भरली तर बोंब होते. कारण मालाला मालक आहे. जनरल डब्याला नाही.

महाड-पोलादपूरच्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. पोलादपूरला रेल्वेच नाही. एसटीनं वीरला या, नाहीतर कशेडीपलीकडं खेड गाठा. पोटासाठी मुंबई, म्हणून ही पायपीट. १६ जून २००४ ला याच महाड तालुक्यात, करंजाडीजवळ, मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांवर आदळली. सुमारे २० माणसं गेली. त्याच्या आदल्याच वर्षी, २२ जून २००३ ला, वैभववाडीजवळ दरडीनंच पन्नासाच्या वर माणसं खाल्ली होती.

दरड कोसळली म्हटलं की कुणाचाच गुन्हा राहत नाही. पण डोंगर कापून रूळ टाकला तो माणसानंच ना? पुढं कापलेल्या उतारांना जाळ्या लागल्या, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, गाड्या हळू धावू लागल्या, गस्त वाढली. म्हणजे उपाय होता. तो मढी मोजून झाल्यावर आला, एवढंच. आणि आजसुद्धा मुसळधार पावसात, हातात बत्ती घेऊन रूळ तपासत चालणारा गस्तवाला कामगार आहे, म्हणून गाडीतले लोक झोपू शकतात. सुरक्षा ही त्याच्या पायांवर उभी आहे, मंत्र्याच्या फितीवर नाही.

पावसाचंही निमित्त नको. ४ मे २०१४, भर उन्हाळा. नागोठणे-रोह्याच्या मधे दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरली, २० च्या वर माणसं मेली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर २३ जण चेंगरून मेले. मग लष्कर बोलावून नवा पूल बांधला. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली. दाराला लटकणं ही कुणाची हौस नसते रे. आत जागा नसते आणि हजेरी चुकली की खाडा पडतो.

आता कायद्याचं ऐका. रेल्वे कायदा १९८९, कलम १२४-अ. चालत्या गाडीतून अपघातानं पडलेल्या प्रवाशाला भरपाई द्यावीच लागते, रेल्वेची चूक असो वा नसो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला ८ लाख रुपये. अंगावर तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप मरत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ साली रीना देवी खटल्यात सांगितलं. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडायची, मग ते खोडून काढणं रेल्वेच्या अंगावर. पण रेल्वेचा वकील म्हणणार, हा रूळ ओलांडत होता. पंचनाम्यात तसं एकदा लिहिलं गेलं की विधवेनं वर्षानुवर्षं चकरा मारायच्या.

हक्क कागदावर असणं म्हणजे काय, ते महाडइतकं कुणाला ठाऊक आहे? १९२३ ला कौन्सिलात बोले ठराव झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मिळालं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांमागं हजारो माणसं चालत तळ्यावर गेली, ओंजळ भरली, तेव्हा ठरावाला जीव आला. तोवर तो नुस्ता कागद होता.

म्हणून वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनो, नुसती श्रद्धांजलीची पोस्टरं चिकटवू नका. वस्तीतला माणूस गाडीतून पडला की त्याच दिवशी स्टेशनवर जा. पंचनामा वाचून घ्या. सोबतच्या प्रवाशांचे जबाब लिहायला लावा. तिकीट, पास, कपडे, सगळं नोंदवून घ्या. एक वर्षाच्या आत दावा न्यायाधिकरणात पडलाच पाहिजे. आणि जिवंतपणीच मागा: जास्त जनरल डबे, रुंद पूल, बायांच्या डब्यात रात्री पोलीस, गस्तवाल्याला पक्की नोकरी.

आम्ही गोणी नाही. पण गोणीइतका तरी आमचा हिशेब द्या.

जय भीम!