नवा दर, जुनी ठेव

२०२१ च्या ऑक्टोबरात सुनेने माझ्या हातात एक लांब वही ठेवली. "बाबा, हे काम तुमच्याकडे. नियम रोज बदलतायत, आमच्या लक्षात राहत नाहीत." बेत होता नाताळच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जाण्याचा. मुलगा आणि सून दोन वर्षे तिथे नोकरीला होती. बर्फावर घसरण्याची विद्या त्यांनी तिथेच शिकून घेतली, आणि आता ती दहा वर्षांच्या नातीला शिकवायची होती. नेरूळमध्ये वाढलेल्या या मुलीने बर्फ पाहिला होता तो फक्त फ्रिजमध्ये. आम्ही दोघे खाली बसून कॉफी पिणार होतो.

बँकेतली नोकरी संपली तरी हाताची सवय संपत नाही. मी वहीत रकाने आखले : देश, नियम, कधीपासून, कधीपर्यंत, शेरा. दोन महिन्यांत अकरा पाने भरली. 'कधीपर्यंत' हा रकाना मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोराच राहिला. या लेखाचे मूळ त्या कोऱ्या रकान्यात आहे.

पहिली अडचण आमच्या घरातच निघाली. मी कोव्हिशील्ड घेतलेला, पत्नीने कोव्हॅक्सिन घेतलेली, नातीला वयामुळे लसच नाही. एका छपराखाली तीन वर्गांचे प्रवासी. युरोपीय संघाचे डिजिटल प्रमाणपत्र १ जुलै २०२१ पासून लागू झाले, तेव्हा ॲस्ट्राझेनेकाची युरोपात मंजूर झालेली लस त्यात होती. पुण्यात बनलेली तीच लस, नाव कोव्हिशील्ड म्हणून, नव्हती. स्वित्झर्लंडसह काही देशांनी ती आपापल्या अधिकारात मान्य केली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबरला. त्या संध्याकाळी आमच्या घरी शिरा झाला. "अहो, आता मी माणसात आले," असे पत्नी म्हणाली. हसण्यावारी म्हणाली, पण वाक्य मला टोचले.

ब्रिटनने तर कमाल केली. सप्टेंबरात ते म्हणाले, लस चालेल, पण तुमच्या प्रमाणपत्राबद्दल खात्री पटत नाही. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर दहा दिवसांचे विलगीकरण लादून फिट्टंफाट केली, आणि ११ ऑक्टोबरपासून आमचे प्रमाणपत्र तिकडे एकाएकी विश्वासार्ह झाले. आठवडाभरात औषध बदलले नव्हते की विषाणू बदलला नव्हता. जुन्या पेढीवाल्यांना हे नवे वाटणार नाही. हुंडी लिहिणाऱ्याची पत कितीही असो, पलीकडचा ती सकारतो की नाही यावर तिची किंमत ठरते. लसीचे प्रमाणपत्र ही आरोग्याची हुंडी होती; आणि ती सकारताना पलीकडचा माणूस प्रकृतीइतकाच पासपोर्टाचा रंगही पाहत होता.

मग आला २६ नोव्हेंबर. त्या दिवशी आपल्या सरकारने जाहीर केले की नियमित आंतरराष्ट्रीय विमाने १५ डिसेंबरपासून सुरू होतील. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या विषाणूला 'ओमायक्रॉन' हे नाव दिले. ३० तारखेला राज्य सरकारने केंद्रापेक्षा कडक आदेश काढला : जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांना सात दिवस संस्थात्मक विलगीकरण. युरोप त्या यादीत होता. दुसऱ्या दिवशी केंद्राने राज्याला पत्र लिहून आदेश जुळवून घ्यायला सांगितले, आणि विमानांची १५ डिसेंबरही पुढे ढकलली. राज्याने आदेश सौम्य केला. ४ डिसेंबरला राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण सापडला, तो आमच्या शेजारच्या डोंबिवलीत. मी वही मिटली. मुलाने तिकिटे रद्द केली. विमान कंपनीने पैशांऐवजी कूपन दिले आणि एजंटाने आपले कमिशन तेवढे कापून घेतले.

आमचे काय गेले? एक हौस. म्हणून यावर रविवारचे पान खर्च करण्याचा मला संकोचच वाटला असता. पण आमच्या वरच्या मजल्यावर जहाजावरचे एक अधिकारी राहतात. नवी मुंबईत अशी घरे पुष्कळ आहेत. २०२० मध्ये बंदरे खलाशांना उतरू देईनात, तेव्हा जगभरात सुमारे चार लाख दर्यावर्दी कराराची मुदत संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. हे गृहस्थ त्यांतले एक. वडिलांचे अंत्यदर्शन त्यांनी फोनच्या पडद्यावर घेतले. त्यांना अडवणारा कागद आणि आम्हाला अडवणारा कागद एकाच जातीचा होता. श्रीमंताची सहल आणि नोकरदाराची घरवापसी यांत तो फरक करत नाही.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १८९७ साली मुंबईच्या प्लेगने युरोप हादरला, व्हेनिसला परिषद भरली. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्यांना बंदी झाली आणि साथरोग कायदा आला. तोच कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. १९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगची बातमी पसरताच आखाती देशांनी आपली विमाने बंद केली. मी तेव्हा बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर होतो. रजेवर आलेले कोकणातले कामगार काउंटरसमोर उभे राहून एकच विचारत : "साहेब, व्हिसाची तारीख गेली तर नोकरी राहील का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरी बाजू मांडल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. विषाणू कुणाच्या तिकिटाची तारीख पाहून थांबत नाही. याचा सर्वांत कडू धडा बर्फावरच मिळाला. ऑस्ट्रियातल्या इश्गल या स्कीइंगच्या गावाला आइसलँडने ५ मार्च २०२० लाच धोक्याच्या यादीत टाकले. खुद्द ऑस्ट्रियाने खोरे बंद केल्याचे जाहीर केले १३ मार्चला. मधल्या दिवसांत दारूच्या गुत्त्यांतून रोग युरोपभर गेला. आणि बंदी जाहीर झाली तीही पूर्वतयारीशिवाय, त्यामुळे हजारो पर्यटक गाड्या काढून पळत सुटले. उशीर ही एक चूक. 'आत आहेत त्यांचे काय' याचा विचार न करता हुकूम सोडणे ही दुसरी. पुढे चौकशी आयोगाने दोन्हींवर बोट ठेवले.

मग करायचे काय? बँकेत व्याजाचा दर बदलतो, तेव्हा नवा दर नव्या ठेवीला लागतो. जुनी ठेव मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालते. काउंटरवरच्या अडाणी म्हातारीलाही हे न सांगता कळते, आणि या एका गोष्टीवर बँकेवरचा विश्वास उभा असतो. साथीत हे नेहमी शक्य नाही, हे मला मान्य आहे. निघालेल्या प्रवाशालाही कधी अडवावे लागेल. पण मग भुर्दंड कोणी सोसायचा? ब्रिटनने लाल यादीतल्या देशांतून येणाऱ्या एकट्या माणसाकडून दहा दिवसांच्या हॉटेलचे आधी १,७५० आणि ऑगस्ट २०२१ मध्ये २,२८५ पौंड घेतले. मुंबईतही परदेशातून आलेल्यांनी हॉटेलची बिले स्वतःच भरली.

गंमत अशी की याचे उत्तर कागदावर केव्हाचेच आहे. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचे ४० वे कलम सांगते की वास्तव्यासाठी येणारे सोडले तर प्रवाशांकडून विलगीकरणाचे पैसे घेऊ नयेत. आल्यावर टोचलेल्या लसीचेही घेऊ नयेत, जर तिची अट दहा दिवस आधी प्रसिद्ध झाली नसेल. म्हणजे पूर्वसूचनेचे तत्त्व, आणि सूचना न देणाऱ्याने भुर्दंड सोसण्याचे तत्त्व, या दोन्ही गोष्टी तिथे बीजरूपाने आहेत. या नियमांत २०२४ मध्ये दुरुस्त्या झाल्या, मे २०२५ मध्ये महासाथीचा स्वतंत्र करारही संमत झाला. पण परिपत्रक काढणे आणि ते शाखेत पाळले जाणे यांत किती अंतर असते, हे माझ्यासारख्या माणसाला सांगायला नको. आणि बोट फक्त परक्याकडे दाखवू नये. पीतज्वराचे पिवळे कार्ड नसलेल्या प्रवाशाला सहा दिवस अडकवून ठेवणारे आपणही आहोत; आणि २०२१ च्या त्या एका आठवड्यात केंद्र आणि राज्य यांना आपसांतली तारीखसुद्धा जुळवता आली नव्हती.

खाडीपलीकडे उलव्याला आता विमानतळ झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पुढची साथ येईल तेव्हा आमच्या भागातली माणसे तिथल्या काउंटरपुढे उभी राहतील. त्या काउंटरच्या मागे बसणाऱ्याच्या हातात जो कागद असेल, त्यावर 'कधीपासून' बरोबर 'कधीपर्यंत' आणि 'वाटेत असलेल्यांचे काय' हे दोन रकाने भरलेले असावेत, एवढेच माझे मागणे आहे.

नातीने बर्फ पाहिला तो पुढे गुलमर्गला, २०२३ च्या फेब्रुवारीत. पहिल्या दिवशी सात वेळा पडली. वही तिने मागून घेतली आहे. मागची कोरी पाने तिला चित्रे काढायला हवी होती.