एकविसांच्या यादीबाहेर

जागेवर न बसणारा, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर ठोकून देणारा, दप्तर रोज कुठेतरी विसरणारा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. त्याला आपण व्रात्य म्हणतो. खिडकीबाहेर बघत हरवून जाणाऱ्या मुलीला मठ्ठ म्हणतो. (साहित्यात गोट्या आणि फास्टर फेणे यांचे आपण लाड केले, वर्गात तसल्यांना अंगठे धरायला लावतो.) अर्थात, प्रत्येक खोडकर मूल काही आजारी नसते. परंतु हे वागणे घरी, शाळेत, सगळीकडेच महिनोन्महिने टिकते आणि मुलाचे शिक्षणच अडते, तेव्हा त्यामागे एडीएचडी असू शकते. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचे वर्णन १९०२ मध्येच केले होते. जगभरात शंभरांतील सुमारे पाच मुलांना ही व्याधी असते, असे मानतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन.

आपल्याकडे सरकारला ही व्याधी ठाऊक नाही, असे मुळीच नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या तीस दोषांसाठी मुले तपासायची, त्यांत एडीएचडी आहे. पथक वर्षातून एकदा शाळेत येते. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले, त्यांत तिचे नाव नाही. अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. नुसती एडीएचडी असलेले मूल यादीबाहेर. यादीत नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, प्राप्तिकरातली वजावटही नाही. शोधायला एक खाते, नाकारायला दुसरे! अध्ययन अक्षमतेवर २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि घराघरांत बोलणे सुरू झाले. एडीएचडीच्या वाट्याला तसे काही आले नाही.

गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न आणखी बिकट होतो. देवरी-सालेकशाच्या आतल्या गावांत घरी गोंडी किंवा छत्तीसगढी, शाळेत मराठी. मुलाला भाषा कळत नाही की लक्ष टिकत नाही, हे गुरुजींनी ओळखायचे कसे? आश्रमशाळेतल्या मुलाचे आईबाप तर त्याला सुट्टीतच बघतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठीच सोय झाली. पण मेथिलफेनिडेट हे नेहमीचे औषध ‘अनुसूची एक्स’मध्ये मोडते. त्याला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते. साधा औषधविक्रेता कशाला त्या भानगडीत पडेल? गरज एका शिबिराची नसून दरमहाच्या खेपेची आहे, आणि प्रत्येक खेपेला बापाचा किंवा आईचा रोज बुडतो.

म्हणून नुसत्या जागृतीची मला धास्ती वाटते. आजाराचे नाव सांगायचे आणि बाईला परत बसस्टँडवर सोडून द्यायचे, याला मदत म्हणत नाहीत.

उभी हयात बँकेत गेल्यामुळे मला हिशेब सुचतो. पंचवीस लाखांची ठेव, व्याज साडेसहा टक्के धरले, तर वर्षाला एक लाख बासष्ट हजार पाचशे. भाडे आणि बुडालेला रोज मिळून खेपेला सहाशे धरले तरी दोनशे सत्तर खेपा निघतात. दरमहा एक खेप, म्हणजे बावीस मुले. फार नाहीत, पण ही बावीस मुले मध्येच सुटत नाहीत. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. कंपनी कायद्यानुसार सामाजिक खर्च करताना आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचे असते, आणि आरोग्य व शिक्षण या सदरांखाली एडीएचडी सहज बसते. तिथे एकविसांची यादी आड येत नाही. मेख अशी की, जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत टाकलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. तेव्हा कंपन्यांकडे शिक्षकांचे प्रशिक्षण, समुपदेशकाचा पगार असा चालू खर्च मागावा. ठेव राइस मिलवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि माझ्यासारख्या पेन्शनरांनी उभी करावी. व्याजातून मंडप, शाल, श्रीफळ यांवर छदामही जाणार नाही, असे ठरावात लिहून घ्यावे.

आणि पालकांची सभा रोवणी आटोपल्यावर ठेवावी. चिखलात पाय असताना बोलावले, तर कोणी फिरकणार नाही.